गुन्ह्यांच्या नोंदीस एकच माप हवें

बाजारांत धान्य मोजावयास गेलेल्या शेतकऱ्यास पायलीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. एका पेठेंत पायली मोठी व दुसऱ्या पेठेंत लहान असेल, तर दोन्ही पेठांतील भावांची तुलना करणें व्यर्थ होय, हें आपले वाडवडील जाणत होते. आणि माप धरणारा हात कोणाचा आहे, इकडेही त्यांचें लक्ष असे. धान्याच्या बाबतींत जी दक्षता आपण बाळगतों, ती आपल्या शिवारांत होणाऱ्या चोऱ्यांच्या नोंदीविषयीं मात्र बाळगीत नाहीं. विहिरीवरील मोटारीची केबल गेली, गोठ्यांतील शेळ्या गेल्या, बागेंतील माल रातोरात तोडून नेला. तथापि ठाण्यांत काय लिहिलें गेलें, कोणत्या सदराखालीं लिहिलें गेलें, कीं मुळींच लिहिलें गेलें नाहीं, याची विचारपूस फार थोडे करतात. वर्षाअखेर जिल्ह्यांतील गुन्हे घटले किंवा वाढले असें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतें आणि आपण तें वाचून समाधान अथवा संताप व्यक्त करून मोकळे होतों. तो आंकडा कोणत्या मापानें मोजला, हा प्रश्न या लेखांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

शेतकीच्या मासिकांत पोलिसांच्या दप्तराची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, शेतकऱ्याची जिंदगी उघड्यावर असते. सराफाचा माल कुलुपांत व सरकारी खजिना पहाऱ्यांत राहतो. परंतु कृष्णाकांठचा पंप, तासगांवची द्राक्षबाग, आटपाडीचें डाळिंब, कोरेगांवकडील आल्याचें शेत आणि माणदेशांतील मेंढरें यांस आभाळाखेरीज छप्पर नाहीं. ज्याचें धन उघडें, त्यास नोंदीचा आधार अधिक लागतो. आमची नोकरी महसुली दप्तरांत झाली, आणि त्या दप्तराची एक शिकवण येथें उपयोगी पडणारी आहे. अँडरसन साहेबांच्या नियमपुस्तकानें ठरविलेले १ ते २१ गांवनमुने महाबळेश्वराच्या डोंगरांतील खेड्यांत जसे, तसेच जतच्या माळावरील खेड्यांत. नमुना ७ मध्यें हक्क, नमुना १२ मध्यें पीक. तलाठी बदलला तरी रकाना बदलत नाहीं. म्हणूनच एका तालुक्याची दुसऱ्याशीं व या सालाची गेल्या सालाशीं तुलना करतां येते. गुन्ह्यांचें दप्तरही असेंच व्हावें, एवढीच आमची मागणी आहे.

प्रथम नोंद कशी होते तें पाहूं. ठाण्यांत तक्रार गेली म्हणजे तिच्यापुढें तीन वाटा असतात. पहिली वाट दखलपात्र गुन्ह्याची. या वाटेनें गेलेल्या तक्रारीची प्रथम खबर लिहिली जाते, तिला गुन्हा रजिस्टरचा नंबर पडतो, फिर्यादीस तिची नक्कल विनामूल्य मिळते, आणि न्यायालयाच्या हुकमाची वाट न पाहतां तपास सुरू करतां येतो. दुसरी वाट अदखलपात्राची, म्हणजे जिला आपण सारे ‘एन.सी.’ म्हणतों ती. येथें नोंद होते, पण दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांस तपास करतां येत नाहीं व वॉरंटाशिवाय कोणास धरतां येत नाहीं. तिसरी वाट कायद्यानें आंखलेली नसून वहिवाटीनें पडलेली आहे: तक्रार ‘अर्ज’ म्हणून घ्यावयाची, तीवर आवक क्रमांक टाकावयाचा आणि ती ‘चौकशीवर’ ठेवावयाची. चोरीस गेलेली वस्तु ‘गहाळ’ म्हणून लिहून घेणें हीही याच वाटेची एक फांटी होय. वस्तु तीच, चोरही तोच. परंतु वाट कोणती पडली यावर तपास होणार कीं नाहीं, आणि वर्षाच्या आंकड्यांत ती चोरी दिसणार कीं नाहीं, हें ठरतें.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदविणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं दिला. कांहीं थोड्या प्रकारांत प्राथमिक चौकशीची मोकळीक त्यानें ठेविली, पण तीही गुन्हा दखलपात्र आहे कीं नाहीं एवढें पाहण्यापुरती. पुढें १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली. तिच्या १७३ व्या कलमानें कोणत्याही ठाण्यांत, हद्दीचा प्रश्न न काढतां, खबर घेण्याचें बंधन घातलें. मात्र तीन वर्षें किंवा अधिक, परंतु सातांहून कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनें चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही त्याच कलमानें दिली. साध्या चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्यामुळें शेतांतील बहुतेक चोऱ्या या मुभेच्या कक्षेंत येतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां ज्या बदलाचा शेतकऱ्याशीं सर्वांत निकटचा संबंध आहे, त्याकडे वळूं. १८६० च्या भारतीय दंड संहितेंत चोरीचें कलम ३७९ होतें, आणि चोरी शंभर रुपयांची असो वा लाखाची, ती दखलपात्रच असे. भारतीय न्याय संहितेंत तें कलम ३०३ झालें, आणि नव्या प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचींत पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची चोरी अदखलपात्र ठरली. लहान चोराला पहिल्या खेपेस, माल परत केल्यावर, तुरुंगाऐवजीं समाजसेवेची शिक्षा देण्याचा यामागील हेतु आहे. तो दयेचा आहे आणि आम्हांस त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु परिणाम काय झाला? पांच हजारांच्या रेषेनें आतां तपासाचें दार उघडतें किंवा बंद होतें. आणि ही रेषा कोण आंखतो, तर ठाण्यांत लिहिणारा अंमलदार व समोर बसलेला, झोप न झालेला शेतकरी, हे दोघे.

समजा, एका शेतकऱ्याची नदीवरील मोटारीची केबल गेली. तीन वर्षांपूर्वीं ती सात हजारांस घेतली होती. आज नवी घ्यावयाची तर आठ हजार पडतील. भंगारवाला तांब्याचे तीन हजार देईल. यांपैकीं किंमत कोणती धरावी? चोरीच्या कलमांत याचा खुलासा केलेला नाहीं. एका ठाण्यांत खरेदीची पावती पाहून प्रथम खबर लिहिली जाईल, दुसऱ्यांत ‘जुनीच होती ना’ असें म्हणून एन.सी. लिहिली जाईल. पुन्हा असें समजा कीं, एकाच रात्रीं एकाच टोळीनें नदीकांठच्या दहा शेतकऱ्यांच्या केबली तीन-तीन हजारांच्या नेल्या. ही तीस हजारांची एक चोरी, कीं तीन हजारांच्या दहा चोऱ्या? दहा जण वेगवेगळे गेले तर दहा एन.सी. होतील, एकत्र गेले तर कदाचित् एक दखलपात्र गुन्हा होईल. हानि तीच, चोर तेच. फरक फक्त लिहिण्याचा. न्यायाच्या दारांतील एवढी मोठी गोष्ट लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडणें योग्य नव्हे.

याच ठिकाणीं वर्गवारीचें ज्ञान शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारें आहे. मालमत्ता ठेवण्यासाठीं वापरलेल्या इमारतींतून चोरी झाली, तर तें कलम ३०३ नसून ३०५ होय; त्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यांत किंमतीची रेषा नाहीं. म्हणजे केबल उघड्या शेतांतून गेली कीं कुलूपबंद पंपघरांतून गेली, यानें गुन्ह्याची जातच बदलते. कुलूप रात्रीं तोडलें असल्यास घरफोडीचें कलम ३३१ ही लागूं शकतें. तसेंच, शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असें नुकसान जाणूनबुजून करणें हा कलम ३२६ खालीं पांच वर्षांपर्यंत शिक्षेचा दखलपात्र गुन्हा आहे; जुन्या संहितेंत तो कलम ४३० मध्यें होता. ताकारी, टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यावर ज्या भागाची शेती उभी आहे, तेथें पाट फोडणें किंवा चालू पंपाची केबल कापून नेणें म्हणजे केवळ तांब्याची चोरी नव्हे. ऐन उन्हाळ्यांत उभ्या उसाचें पाणी तोडणें होय. अशा प्रसंगीं हें कलम लावतां येतें कीं नाहीं याचा विचार ठाण्यानें करावा, असें आमचें मत आहे. आणि एका प्रकरणांत एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तरी सारें प्रकरण दखलपात्र मानावें, असें प्रक्रिया संहिताच सांगते.

जुन्या संहितेंतील रकमांचाही इतिहास येथें सांगण्याजोगा आहे. आग लावून नुकसान करण्याच्या कलम ४३५ मध्यें सामान्य मालमत्तेस शंभर रुपयांची व शेतमालास दहा रुपयांची मर्यादा होती. जनावर मारण्याच्या कलमांतही दहा व पन्नास रुपयांच्या मर्यादा होत्या. एकोणिसाव्या शतकांत घातलेले हे आंकडे २०२४ च्या जूनअखेरपर्यंत जसेच्या तसे राहिले. नव्या संहितेनें ते काढून टाकले. आतां पेटविलेल्या उसाची किंवा मारलेल्या बैलाची किंमत किती हा प्रश्न त्या कलमांत उरला नाहीं. हें चांगलेंच झालें. परंतु त्यावरून एवढा बोध घ्यावा कीं, कायद्यांत एकदां बसलेला आंकडा पिढ्यान्‌पिढ्या हालत नाहीं. चोरीच्या कलमांत नव्यानें बसलेला पांच हजारांचा आंकडाही तसाच ठाण मांडून बसण्यापूर्वीं, किंमत कशी धरावी याचा नियम ठरणें अगत्याचें आहे.

चोरीहून अधिक घोटाळा फसवणुकीच्या नोंदींत होतो. द्राक्षांचा व्यापारी चार गाड्या माल रोखीनें नेतो, पांचव्या-सहाव्या गाडीस धनादेश देतो, आणि हंगाम संपतांच त्याचा ठावठिकाणा राहत नाहीं. ऊसवाहतूकदाराकडून मुकादम टोळीसाठीं उचल घेतो आणि टोळी येतच नाहीं. या दोन्ही गोष्टी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हंगामोहंगाम ऐकूं येतात. पहिल्यापासूनच फसविण्याचा हेतु असेल तर ती फसवणूक, म्हणजे नव्या संहितेचें कलम ३१८ व जुन्या संहितेचें सर्वतोमुखीं झालेलें ४२०. हेतु नसून केवळ पैसे देणें जमलें नसेल, तर तो दिवाणी वाद. हा भेद खरा आहे, व तो पोलिसांनीं पाहावयासच हवा. परंतु तो तपासाअंतीं दिसावयाचा भेद आहे; दारांतूनच ‘हें दिवाणी आहे’ असें सांगून शेतकऱ्यास परत लावणें म्हणजे तपासापूर्वींच निकाल देणें होय. एका ठाण्यांत ज्या व्यवहारास ३१८ लागतें, त्याच तऱ्हेच्या व्यवहारास शेजारच्या ठाण्यांत ‘आपसांत मिटवा’ हें उत्तर मिळावें, ही गोष्ट शोभणारी नाहीं.

तपास संपल्यावरही वर्गवारी संपत नाहीं. जुन्या मुंबई इलाख्याची एक वहिवाट महाराष्ट्रांत अद्यापि चालू आहे, ती ‘समरी’ची. गुन्हा खरा पण आरोपी सांपडला नाहीं, तर ‘अ’ समरी. तक्रार द्वेषानें केलेली व खोटी, तर ‘ब’ समरी. आणि तक्रार धड खरी नाहीं, धड खोटीही नाहीं, गैरसमजानें केलेली किंवा दिवाणी स्वरूपाची आहे, तर ‘क’ समरी. ही विभागणी मोठी शहाणपणाची आहे. कारण ‘अ’ समरींत पोलिसांस यश आलें नाहीं, पण फिर्यादीचा शब्द खरा राहिला. ‘ब’ समरींत फिर्यादीच दोषी ठरला. मात्र ‘अ’ च्या जागीं ‘क’ लिहिली गेली, तर न सांपडलेल्या चोरीचा डाग ठाण्यावरून पुसला जातो आणि खरें बोलणारा शेतकरी गैरसमज करून घेणारा ठरतो. समरीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो, व फिर्यादीस तेथें हरकत घेतां येते, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

आतां आंकड्यांकडे येऊं. देशांतील सर्व गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासूनचा आहे, आणि १९८६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था तो काढते. तिचा मोजणीचा एक ठरीव नियम आहे: एका प्रथम खबरेंत अनेक कलमें असतील, तर ज्याची शिक्षा सर्वांत जड, तोच एक गुन्हा मोजावयाचा. घर फोडून, चोरी करून, मालकाचा खून केला, तर मोजणींत एक खून धरला जातो; चोरी व घरफोडी दिसत नाहींत. नियम सर्वत्र सारखा असल्यामुळें तो चालण्यासारखा आहे, पण वाचणाऱ्यास तो माहीत हवा. एन.सी. व अर्ज तर या मोजणींत येतच नाहींत. शिवाय गुन्हे वाढणें व गुन्ह्यांची नोंद वाढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा इशारा ती संस्था स्वतःच देते. दारू व जुगार यांसारखे विशेष कायद्यांखालील गुन्हे आपल्याकडे ‘भाग ६’ मध्यें लिहिले जातात. ते वाढले तर गांव बिघडलें असें नव्हे, छापे अधिक पडले एवढेंच कित्येकदां त्याचा अर्थ असतो.

यावरून एक गोष्ट उघड होईल. १ जुलै २०२४ पूर्वीं तीन हजारांची केबल गेली तर ती नियमाप्रमाणें गुन्हा रजिस्टरांत जावयाची; त्यानंतर ती एन.सी. वहींत जावयाची. तेव्हां २०२३ सालच्या चोऱ्यांच्या आंकड्याशीं २०२५ सालचा आंकडा ताडून पाहून कोणी ‘चोऱ्या घटल्या’ असें म्हणेल, तर त्यास विचारावें कीं, चोऱ्या घटल्या कीं पायली बदलली? हद्दीविषयींही असेंच आहे. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व सांगली, मिरज, जत इत्यादि संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जुन्या साताऱ्याच्या आंकड्यांशीं आजच्या साताऱ्याची तुलना हें लक्षांत घेतल्याशिवाय करूं नये.

आंकड्याचा मथळा आंतील वस्तु कशी झांकतो, याचें ठळक उदाहरण आपल्याच भूमीवर घडलें आहे. १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं साताऱ्यांत प्रतिसरकार चालूं होतें. १९४३ सालीं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी व १९४४ सालीं धुळें भागांत सरकारी खजिना त्या चळवळीच्या माणसांनीं लुटला. दंड संहितेच्या दृष्टीनें पांच किंवा अधिक माणसांनीं मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. दप्तरांत दुसरा रकानाच नव्हता. त्याच काळांत चळवळीचें नांव घेऊन खेड्यांत घरें लुटणारे खरे दरोडेखोरही होते, आणि प्रतिसरकारनें स्वतः त्यांस शिक्षा केल्या. म्हणजे सरकारचा खजिना लुटणारा देशभक्त व गरिबाचें घर लुटणारा चोर हे दोघेही एकाच रकान्यांत. आम्ही रकान्यास दोष देत नाहीं. वर्गवारी कृत्यावरूनच व्हावयास हवी, माणूस पाहून नव्हे. परंतु केवळ बेरीज पाहून जिल्ह्याची नीति ठरविणारा मनुष्य किती चुकूं शकतो, हें त्यावरून समजावें.

कृत्याऐवजीं माणसाची वर्गवारी केल्यानें काय होतें, तेंही आपण पाहिलें आहे. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ सालीं मुंबई इलाख्यास लागूं झाला. कैकाडी, पारधी, रामोशी अशा जातींतील माणसांनीं गुन्हा करण्यापूर्वींच त्यांचीं नांवें वहींत चढलीं, आणि त्यांस हजेरी द्यावी लागली. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. परंतु शिवारांत चोरी होतांच पहिलें बोट पालाकडे दाखविण्याची खोड अद्याप गेली नाहीं. पुरावा नसतां संशयित म्हणून नांव लिहवून घेणें हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यानें खरा चोर मोकळा राहतो व तपास वाट चुकतो. नोंद शुद्ध हवी असेल, तर आपली जीभही शुद्ध हवी.

मग नोंदींत कमीअधिक कां होतें? याचें कारण पोलिसांची दुष्टता नव्हे. आम्हीं पैसेवारीचे दिवस पाहिले आहेत. पैसेवारी पन्नास पैशांच्या आंत कीं बाहेर, यावर गांवाच्या सवलती अवलंबून. म्हणून गांवकऱ्यांस ती कमी हवी असते, वसुली करणाऱ्यास जास्त. ज्या आंकड्यावर कोणाचें कौतुक किंवा ठपका अवलंबून असतो, तो आंकडा वांकतो. मग तो पिकाचा असो वा गुन्ह्याचा. आपल्या ठाण्याच्या हद्दींत गुन्हे वाढले तर वरिष्ठ जाब विचारतील, हें ज्यास ठाऊक आहे, त्याचा हात प्रथम खबरेच्या पुस्तकाकडे जातांना अडखळणें हा मनुष्यस्वभाव आहे. त्यांत कामाचा बोजा व अपुरी माणसें यांचीही भर पडते. इंग्लंडसारख्या देशांतही हेंच आढळलें. तेथें नोंदीचे एकसारखे नियम २००२ सालींच झाले होते. तरी २०१४ सालीं सरकारी तपासनिसांनीं दप्तरें उघडून पाहिलीं, तेव्हां पोलिसांस कळविलेल्या पांच गुन्ह्यांपैकीं सुमारें एक नोंदविलाच गेला नव्हता असें दिसून आलें, आणि पोलिसांच्या आंकड्यांचा अधिकृत दर्जा त्याच सालीं काढून घेतला गेला. नियम छापल्यानें काम भागत नाहीं; ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा तिसरा डोळा लागतो. आपल्याकडील संगणकानेंही फॉर्म एकसारखा केला आहे. लिहिणाऱ्याचा विवेक एकसारखा करणें त्यास शक्य नाहीं.

कित्येकांचें म्हणणें असें पडतें कीं, प्रत्येक किरकोळ चोरी नोंदविली तर ठाणीं कागदांत बुडून जातील आणि मोठ्या गुन्ह्यांकडे दुर्लक्ष होईल. या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. परंतु नोंद करणें व तपास करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तपासांत अग्रक्रम लावावा. नोंदींत लावूं नये. दहा केबलींची नोंद दहा ठिकाणीं झाली, तरच अधीक्षकांस दिसेल कीं एकच टोळी नदीकांठानें वर सरकत आहे. न लिहिलेल्या चोरीचा माग कोणालाच लागत नाहीं.

तेव्हां आपल्या संस्थेनें पुढील गोष्टींचा आग्रह धरावा, असें आम्ही सुचवितों. पहिली ही कीं, शेतांतील चोरीची किंमत धरतांना तीच वस्तु त्याच प्रतीची आज बाजारांतून आणण्यास जो खर्च येईल तो धरावा, भंगाराचा भाव धरूं नये, असा खुलासा कोल्हापूर परिक्षेत्रांतील सर्व ठाण्यांस एकाच पत्रकानें व्हावा. दुसरी ही कीं, पंप, केबल, ठिबकच्या नळ्या, जनावरें व उभें पीक यांच्या चोरीचें निराळें पोटसदर ठेवून दर महिन्यास तालुकावार आंकडे प्रसिद्ध व्हावे, व त्यांत प्रथम खबर, एन.सी. व अर्ज हे तिन्ही रकाने शेजारीं शेजारीं असावे. तिसरी ही कीं, पीकपाहणीची जशी वरिष्ठांकडून फेरतपासणी होते, तशी एन.सी. व अर्जांच्या वह्यांची दर तिमाहीस दुसऱ्या विभागाच्या अधिकाऱ्याकडून नमुन्यादाखल तपासणी व्हावी. चौथी ही कीं, नोंद वाढली म्हणून ठाणेदारास दोष न देतां, नोंद दडविल्याबद्दलच दोष द्यावा.

आणखी एक काम मात्र सरकारकडे न मागतां आपणांसच करतां येईल. पिकाचा नजरअंदाज खरा कीं खोटा हें पाहण्यास सरकार पीककापणीचे प्रयोग करतें. तसाच हा प्रयोग होय. प्रत्येक गांवांत संस्थेच्या एका सभासदानें एक वही ठेवावी. चोरीची तारीख, गट नंबर, वस्तु, पावतीची किंमत, ठाण्यांत गेल्याचा दिवस व मिळालेल्या नोंदीचा प्रकार, एवढेच रकाने पुरेत. फिर्याद न देणाऱ्याचीही चोरी तींत यावी. गांवचे पोलीस पाटील यांस ती दाखवावी, कारण गांवांतील गुन्ह्याची खबर ठाण्यास पोहोंचविणें हें १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणें त्यांचें कर्तव्यच आहे. वर्षाअखेर ही वही ठाण्याच्या आंकड्याशेजारीं ठेविली, म्हणजे माप किती खरें तें वाद न घालतां दिसेल.

शेवटीं आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयीं दोन शब्द. मोटार, केबल, स्टार्टर यांच्या पावत्या सातबाऱ्याइतक्याच जपून ठेवा. फिर्याद लेखी द्या. कुलूप होतें कीं नव्हतें, रात्र होती कीं दिवस, पाणी तुटून पिकाचें काय झालें, हें स्पष्ट लिहा. लिहिलेलें वाचून मगच सही करा व नक्कल घेतल्याशिवाय उठूं नका. ठाण्यांत खबर घेतली नाहीं, तर ती टपालानें पोलीस अधीक्षकांस पाठवितां येते, व तेथेंही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. मात्र चार हजारांची वस्तु सहा हजारांची सांगूं नका, आणि बांधाच्या भांडणास चोरीचें रूप देऊं नका. खोट्या फिर्यादीनें शेजाऱ्याचें नुकसान होतें तें होतेंच. त्याहून मोठें नुकसान असें कीं, पुढच्या खऱ्या फिर्यादीवरचा विश्वास उडतो. पोलिसांनीं खरी पायली धरावी असें म्हणण्याचा अधिकार, तिच्यांत खडे न मिसळणाऱ्यासच आहे.